प्रवेश-अर्ज : केमिस्ट्रीच्या दाराचा इतिहास

१९४२ म्हटलं की शाळेच्या पुस्तकात 'चले जाव' येतं. येऊ द्या. पण नागपूरच्या माणसाला १९४२ म्हटल्यावर आणखी तीन गोष्टी आठवायला पाहिजेत, आणि त्या एका दोऱ्यात ओवून पाहायला पाहिजेत. पुस्तकवाले त्या ओवणार नाहीत. त्यांच्या सुईचं भोक लहान आहे.

पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १८, १९ आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथंच जन्माला आलं. त्याच मांडवात बायांची स्वतंत्र परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले.

दुसरी गोष्ट आपल्या सभांत कुणी सांगत नाही. त्याच साली, त्याच शहरात, नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. लोक तिला एल.आय.टी. म्हणतात. रसायनशास्त्र कारखान्याच्या कामी कसं लावायचं, तेल, रंग, कागद कसा करायचा, हे शिकवणारी संस्था.

तिसरी गोष्ट दिल्लीतली. २९ ऑक्टोबर १९४२ ला बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. नोकऱ्या, राजकीय हक्क, ठेकेदारी, सगळं त्यात होतं. पण शिक्षणाच्या भागात त्यांनी जे मागितलं ते वाचून आजच्या पोट्ट्यांनी थोडं थांबायला पाहिजे. आर्ट्स आणि कायद्याच्या शिक्षणानं माझ्या लोकांचं फारसं भलं होणार नाही, विज्ञानाचं आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण पाहिजे, असा त्यांचा रोख होता. हे कोण म्हणतं? कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस. ज्या विद्येवर त्यांनी साऱ्या देशाला नमवलं, ती पुरेशी नाही असं तेच सांगतात.

नुसतं सांगून थांबले नाहीत, हिशेब मांडला. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दर साल ३-३ लाख देतं. मग आमच्या पोरांना भारतात विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला दर साल २ लाखांच्या स्कॉलरशिपा द्या, आणि परदेशी शिकायला १ लाख द्या. बेरीज ३ लाखच. दुसऱ्यांना देता तेवढंच द्या, भीक म्हणून नाही. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची स्कॉलरशिप सुरू झाली ती ह्या रेट्यातून. आज कॉलेजच्या खिडकीवर आपण जी स्कॉलरशिप मागतो तिची आजी ही.

आता एल.आय.टी.च्या पैशाकडे वळू. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० च्या मृत्युपत्रात त्यांनी सुमारे ३५ लाखांची इस्टेट विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. माणसाचं मन मोठं होतं हे कबूल. पण मँगनीज काही मृत्युपत्रातून निघत नाही. ते विदर्भ-बालाघाटच्या जमिनीतून निघतं. ते सब्बलीनं फोडावं लागतं, टोपल्यात भरून डोक्यावर वाहावं लागतं. हे काम गोंडांनी केलं, आपल्या बाया-माणसांनी केलं.

पटकीच्या साथीत गावच्या विहिरीत जी लाल दवा टाकत, ती पोटॅशियम परमँगनेट. म्हणजे मँगनीजच. ज्या विहिरीला आपल्या माणसानं शिवायचं नाही, ती शुद्ध करणारी दवा ज्या दगडातून येते तो दगड वाहायचा मात्र आपल्या माणसानं. दगडाला विटाळ नव्हता.

त्याच कामठीचे बाबू हरदास. १९०४ ते १९३९ एवढं लहान आयुष्य, त्यात बिडी कामगार उभे केले, आमदार झाले, 'जयभीम' रूढ केलं. कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यानं ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या, मास्तरीण झाल्या. अस्पृश्य बाई आमच्या पोरांना शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली, नोकरी गेली. तर बाईनं १९२२ साली नागपुरात स्वतःचीच शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं. त्याच्याही आधी, १९०७ ला किसन फागू बनसोडे यांनी मुलींची शाळा काढलेली. कविता लिहिणारा, 'मजूर पत्रिका' चालवणारा माणूस. आपण आज रात्री बसून स्टेन्सिल कापतो ते काही नवीन करत नाही.

पण साल मोजा. विद्यापीठ १९२३ चं. म्हणजे विद्यापीठ उघडलं तेव्हा आपल्या वस्तीत पोरींना बाराखडी शिकवायला कुणीतरी नोकरी गमावून उभं होतं. बाराखडीपासून एम.एस्सी.पर्यंत मधे केवढा जिना आहे : मॅट्रिक, तेही गणित-विज्ञान घेऊन, मग इंटर सायन्स, मग बी.एस्सी., मग एम.एस्सी.चा अर्ज. प्रत्येक पायरीवर फी, आणि फीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळ.

वेळेचं जरा खोलात सांगतो, कारण माझ्या मते सगळी मेख इथंच आहे. आपल्यात कवी इतके आणि केमिस्ट इतके थोडे का? सवर्ण मित्र म्हणतो, तुमच्या दुःखात काव्य आहे. हाव, आहे. पण खरं कारण टाइमटेबलात आहे. बी.ए.ला 'बाहेरून' बसता येत होतं. दिवसा गिरणी, रात्री कंदील, पुस्तक उसनं, मार्चात परीक्षा. आर्ट्सची सारी प्रयोगशाळा डोक्यात मावते. केमिस्ट्रीचं तसं नाही. प्रॅक्टिकल बाहेरून करता येत नाही. दुपारी ११ ते ५ हजर राहा, ब्युरेट फुटली तर दंड भरा, डिपॉझिट ठेवा, अॅप्रन शिवा. ज्याच्या घरी त्याच्या हजेरीवर चूल पेटते तो दुपारी ११ ते ५ कुठून आणणार? अशी दोन-तीन पिढ्यांची हुशार पोरं बाहेरून बी.ए., बाहेरून एम.ए., मग एल.एल.बी. अशा वाटेनं गेली. ती वाट त्यांनी निवडली नाही, तेवढीच उघडी होती. दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे 'बाहेरून' एकदा नोंदवावं. आणि बाबासाहेबांनी स्कॉलरशिप का मागितली तेही ह्यातून कळतं. त्यांनी फी मागितली नाही, दुपारी ११ ते ५ मागितले.

मी रंगखात्यात आहे. कॉस्टिक, हायड्रो, पेरॉक्साइड हाताखालून जातात. जिगर नावाच्या यंत्रावर कापड फिरतं आणि आमचीही फिरते. कॉस्टिक अंगावर पडलं की आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि मग कातडी जाते, हे मला भोगून माहीत होतं. कातडीतली चरबी खरंच साबण होते, हे मागाहून सेकंडहँड पुस्तकात वाचलं. पहिलं ज्ञान मजुराचं आणि दुसरं मास्तरचं. दोघांच्या पगारातलं अंतर त्या एका वाक्याचं आहे.

बाबासाहेबांनी पुढं स्वतः काय केलं ते पाहा. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, आर्ट्स आणि सायन्स. १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं (पुढं मिलिंद), तिथंही सायन्स. नुसतं आर्ट्स काढलं असतं तर अर्ध्या पैशात भागलं असतं. नागपुरात दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर कॉलेज १९६४ ला उभं राहिलं, तेही विज्ञानासकट.

आता अर्जातल्या एका रकान्याची गोष्ट. धर्म.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात म्हणजे हिंदूच. १९५६ ला त्यात शीख आले. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसांनी हिंदू धर्म सोडला. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशात होतं, १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आलं. माणसांनी धर्म बदलला आणि सरकारनं नकाशा, दोन्ही तीन आठवड्यांच्या आत. पण यादी बदलली नाही. १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर राज्यानं नवबौद्धांना शिक्षणाच्या सवलती दिल्या. केंद्राच्या यादीत मात्र बौद्ध आले १९९० ला.

३४ वर्षं. दीक्षेच्या साली जन्मलेलं पोरगं घ्या. विसाव्या वर्षी, १९७६ ला बी.एस्सी. केमिस्ट्री. आयआयटीत अनुसूचित जातींच्या राखीव जागा १९७३ ला सुरू झालेल्या. पोरगं अर्ज भरायला बसतं. धर्म : बौद्ध लिहिलं तर केंद्राच्या हिशेबी ते अनुसूचित जातीचं नाही. हिंदू लिहिलं तर बापानं दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांचं काय? काहींनी हिंदू लिहिलं, त्यांना नावं ठेवू नका. काहींनी बौद्ध लिहिलं आणि जागा सोडली, त्यांचे पुतळे कुणी उभारले नाहीत. १९९० चा कायदा आला तेव्हा ते पोरगं ३४ वर्षांचं बाप्या झालं होतं आणि अर्जाचं वय निघून गेलं होतं.

समजा प्रवेश मिळाला. आत काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि धोटा सगळ्यांच्या हातातला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. आता प्रयोगशाळेतली पिपेट आठवा. जुन्या काळी तीही तोंडानंच ओढत, आणि तीही सगळ्यांची. नळ एक, पाण्याची बाटली एक. केमिस्ट्री हा विषय पाण्यापासून सुरू होतो आणि आपला लढाही पाण्यापासूनच. महाडला मार्च १९२७ मध्ये आपण तळ्याचं पाणी प्यायलो, तर त्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. कुठल्याही बी.एस्सी.च्या पोरीला विचारा, ह्या पाण्याचं पृथःकरण काय येईल. हसेल ती.

आणि प्रॅक्टिकलचे, तोंडी परीक्षेचे मार्क समोर उभा असलेला माणूस देतो. थिअरीच्या पेपरावर नुसता नंबर असतो, प्रॅक्टिकलला तुमचं तोंड आणि आडनाव दोन्ही असतं.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत पर्सी ज्युलियन हा काळा मुलगा १९२० ला डीपॉ कॉलेजात वर्गात पहिला आला. १९२३ ला हार्वर्डची मास्टर्स. पुढं शिकायला शिकवण्याची नोकरी लागत होती. गोरी पोरं काळ्याकडून शिकणार नाहीत म्हणून ती त्याला दिली नाही. तो व्हिएन्नाला गेला, १९३१ ला डॉक्टरेट घेतली, आणि १९३५ मध्ये काचबिंदूवरचं फायसोस्टिग्माइन हे औषध प्रयोगशाळेत घडवून दाखवलं. जाईबाईंची नोकरी गेली ते कारण आणि ज्युलियनला नोकरी मिळाली नाही ते कारण एकच आहे. कामठी काय आणि हार्वर्ड काय.

आजचा अर्ज कॉम्प्युटरवर असतो. रकाने वाढले. २००१ पासून जातपडताळणीचा कायदा लागू आहे, आणि तिथं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे अर्जावर आपण बौद्ध, पण त्यासाठी आज्याचा असा कागद शोधायचा ज्यावर पाटवाऱ्यानं किंवा शाळेच्या मास्तरनं 'महार' लिहिलंय. आजा शाळेतच गेला नसेल तर तहसिलीतली कोतवाली नोंद काढा. ज्याला शाळेत घेतलं नाही त्याच्या शाळेचा दाखला मागणारं हे राज्य.

स्कॉलरशिपची उत्पन्नमर्यादा २०१३ ला वर्षाला २.५ लाख ठरली, आणि दहा वर्षं उलटली तरी तीच राहिली. महिन्याला २१ हजार मिळवणाऱ्या कामगाराचे वर्षाचे २ लाख ५२ हजार होतात. २ हजारांनी पोरगी निर्वाहभत्त्याबाहेर. फी माफ होते, पण दुपारी ११ ते ५ परत गेले.

तेव्हा वस्तीवर काम करणाऱ्यांनी एवढं करावं. विहारात जयंतीच्या वर्गणीची वही असते, तिच्याशेजारी दुसरी वही ठेवा : वस्तीत बी.एस्सी.ला कोण आहे, केमिस्ट्री कुणाची, पडताळणी झाली की नाही, आज्याचा कागद कुठल्या तहसिलीत. एम.एस्सी.चे अर्ज उन्हाळ्यात सुटतात, पण आयआयटीच्या जॅम परीक्षेचे अर्ज आदल्या पावसाळ्यातच भरावे लागतात, ते पुष्कळांच्या गावीही नसतं. पडताळणीला महिने लागतात, म्हणून कागद दिवाळीच्या आधी काढायला घ्या. तहसिलीत एकट्या पोरीला पाठवू नका, दोघंतिघं जा, आणि नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.