चोखामेळा

(मृ. शके 1260, इ. स. 1338). वारकरी संप्रदायातील संतकवी. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातील संतमेळ्यात त्यांची गणना होते. जात महार, गुरू नामदेव. जन्मस्थळाबद्दल मतभेद आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा (ता. देऊळगाव राजा) आणि सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे ही दोन नावे प्रामुख्याने पुढे येतात. जन्माविषयी आंब्याची एक दंतकथा सांगतात. चरित्राला तिचा उपयोग नाही. जन्मसाल निश्चित नाही.

चरित्र : हयातीतला बराच काळ मंगळवेढ्यात गेला, असे परंपरा मानते. मेलेली गुरे ओढणे, गावकीची कामे, वेठ आणि जमेल तेव्हा पंढरीची वारी, एवढेच चित्र अभंगांतून हाती लागते. बाकीचे चरित्र महिपतीच्या ‘भक्तिविजया’वर (1762) उभे आहे, आणि तो ग्रंथ चोखोबांच्या मृत्यूनंतर चारशेहून अधिक वर्षांनी लिहिला गेला. विठ्ठलाने त्यांना गाभाऱ्यात नेले, गळ्यातला हार दिला, बडव्यांनी चोरीचा आळ घेतला, मग चोखोबा चंद्रभागेपलीकडे राहू लागले, तिथे देव जेवायला आला, अशी ही आख्याने आहेत. कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचवली. घटनांचा पुरावा म्हणून ती तोकडी पडतात. चोखोबांना देवळात प्रवेश नव्हता, एवढी गोष्ट मात्र आख्याने आणि अभंग दोन्हीकडून सारखीच कळते.

समाधी : आयुष्यापेक्षा मृत्यूची माहिती अधिक नेमकी मिळते. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर इतर महारांबरोबर चोखोबाही होते. कूस कोसळले आणि कामकरी ढिगाऱ्याखाली गाडले गेले. परंपरेने तिथी वैशाख वद्य 5, शके 1260 अशी दिली आहे. नामदेव मंगळवेढ्यास गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरपुरी आणल्या व महाद्वारासमोर समाधी दिली. नामदेवांच्या गाथेत या प्रसंगावर अभंग आहेत. ते सगळे त्यांचेच की उत्तरकालीन, हा प्रश्न वेगळा. समाधी देवळाच्या आत नाही, समोर नामदेव पायरीपाशी आहे. पुढे कित्येक शतके अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची वाट याच समाधीपाशी संपत असे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर मे 1947 मध्ये विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले.

अभंगरचना : मुद्रित गाथांत सुमारे साडेतीनशे अभंग चोखोबांच्या नावावर आहेत. समकालीन हस्तलिखित उपलब्ध नाही. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची यादी येते. तीत सावता माळ्यांचे लेखक काशिबा गुरव आहेत आणि चोखोबांचे अनंतभट्ट. अनंतभट्टांविषयी याहून जास्त काही सांगता येत नाही. पण महार कवीची वाणी ब्राह्मणाच्या लेखणीतून उतरली असेल, तर पाठांचा विचार करताना ते विसरून चालणार नाही. जोहाराचे अभंग ही चोखोबांची ठळक रचना. महाराने मालकाला घालावयाचा जोहार तिथे विठोबाच्या दरबारात घातला जातो. विटाळाविषयीच्या अभंगांत ते सोवळ्या-ओवळ्याचा हिशेब थेट देवाकडे मागतात, तर काही अभंगांत आपला जन्म पूर्वकर्माचे फळ म्हणून स्वीकारतात. हे दुसऱ्या प्रकारचे अभंग प्रक्षिप्त ठरवण्याची घाई करू नये. एकाच कवीच्या मनात दोन्ही गोष्टी नांदू शकतात.

कुटुंब : एका महार कुटुंबातील पाच जणांचे अभंग टिकून राहावेत, ही मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील असाधारण घटना आहे, आणि तिची दखल बरीच उशिरा घेतली गेली. पत्नी सोयराबाई यांचे साठांवर अभंग मिळतात. बहुतेकांत त्या स्वतःचा उल्लेख चोखोबांची महारी असाच करतात. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, हा त्यांचा युक्तिवाद पतीपेक्षा काटेकोर आहे. बहीण निर्मळा व मेहुणे बंका यांची रचना थोडी. मुलगा कर्ममेळा याचे अभंग तिसांच्या आत आहेत. पण घराण्यात सर्वांत उग्र सूर त्याचा. आम्हाला हीन जन्म देऊन तुला काय मिळाले, अशा आशयाचा जाब तो देवाला विचारतो, आणि समाधान करून घेत नाही.

उत्तरकाल : विसाव्या शतकाच्या आरंभी विदर्भातील अस्पृश्य चळवळीने चोखोबांना आपला पूर्वज मानले. किसन फागूजी बनसोडे यांनी त्यांच्याविषयी लिहिले. नागपुरात त्यांच्या नावाने वसतिगृह चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (1948) हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. 1956 च्या धर्मांतरानंतर मात्र विठ्ठलभक्तीबरोबर चोखोबांपासूनही बराच समाज दूर झाला. देवाच्या दारात उभे राहून केलेली तक्रार नव्या पिढीला अपुरी वाटली. वारीतील त्यांचे स्थान या वादाने बदलले नाही.

गायन : सोयराबाईंचा एक अभंग किशोरी आमोणकर यांच्या गायनाने घराघरात गेला.

इंग्रजीत एलिनॉर झेलियट यांनी चोखोबांवर अभ्यासपूर्ण लेखन केले असून रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी अभंगांचे भाषांतर केले आहे.