सिंहगडावरून शिक्षकाच्या हातात : पुण्याच्या वर्गातील बिनतारी चित्राचा इतिहास

१/
सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीइतकीच ठळकपणे आणखी एक वास्तू नजरेत भरते : दूरदर्शनचा उंच मनोरा. १९७३ मध्ये येथून प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबईहून निघालेले चित्र पुण्यातील मोजक्या घरांत तारेविना उतरू लागले. आज पुण्यातील एखादी शिक्षिका हातातल्या मोबाइलवरचा नकाशा वर्गाच्या पडद्यावर उमटवते. त्या साध्या कृतीची पूर्वपीठिका या मनोऱ्यापर्यंत मागे जाते.

२/
या कृतीला स्क्रीन मिररिंग म्हणतात. मोबाइल, टॅब किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसते तेच त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर दिसते. मध्ये तार नसते. पण तारेविना चित्र पुण्यात अर्ध्या शतकापूर्वीच पोहोचले होते. मग नवे काय घडले? याचे उत्तर चित्र पाठवणारा कोठे बसला आहे, या प्रश्नात दडलेले आहे.

३/
प्रारंभ फळ्यापासून करावा लागतो. पंतोजींच्या शाळेत प्रत्येक मुलापुढे धूळपाटी असे. बोटाने अक्षर गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. सर्वांनी एकाच वेळी पाहावे असे सामायिक पृष्ठ त्या पद्धतीत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरा येथील शिक्षक जेम्स पिलान्स यांनी भूगोल शिकवण्यासाठी मोठा फळा आणि रंगीत खडू वापरले. पुढे इंग्रजी धर्तीच्या शाळांबरोबर फळा भारतातही रुजला.

४/
फळ्याचे सामर्थ्य तीन गोष्टींत होते. आकृती मुलांच्या डोळ्यांदेखत टप्प्याटप्प्याने घडत असे. चुकले तर पुसता येई. आणि विद्यार्थ्याला पुढे बोलावून त्याच्या हाती खडू देता येई. उणीव एकच : लिहिताना शिक्षकाची पाठ वर्गाकडे होई आणि मागच्या बाकावर काय चालले आहे ते त्याला दिसत नसे.

५/
चित्र दूर अंतरावर टाकण्याची कला मात्र फळ्याहून जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात मॅजिक लँटर्न हे साधन तयार झाले : दिवा, रंगवलेली काच आणि भिंग. महाराष्ट्रात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये याच तत्त्वावर ‘शांबरिक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर पडत आणि सोबत निवेदन चाले. चित्र कोठे थांबवायचे आणि केव्हा बदलायचे, हे तेथेच उभे असलेले खेळकर्ते ठरवत.

६/
दूरचित्रवाणीने हा संबंध बदलला. तिच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून प्रक्षेपकाला उंची लागते. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. ज्या उंचीमुळे गडाला लष्करी महत्त्व आले होते, तीच आता चित्रलहरींच्या कामी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. पुढच्याच वर्षी पुणे त्याच्याशी जोडले गेले.

७/
या माध्यमाचा शिक्षणासाठी विचार आधीच सुरू झाला होता. दिल्लीत १९६१ पासून शाळांसाठी दूरचित्रवाणीचे पाठ दिले जात होते. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याची पाळी आली ती भारताच्या स्वतःच्या इन्सॅट-१बी उपग्रहानंतर. हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला.

८/
२७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ म्हणजेच राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. पाठ्यपुस्तकांची ‘बालभारती’ही पुण्यातलीच, आणि तिची स्थापनाही २७ जानेवारीची, १९६७ सालची. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणे हे बालचित्रवाणीचे काम होते. गाणी, गोष्टी, विज्ञान, परिसर असे विषय दूरदर्शनवरून राज्यभर पोहोचू लागले. त्या काळी दुपारी शाळेतल्या दूरचित्रवाणी संचासमोर बसलेली पिढी आज चाळिशीपलीकडे आहे.

९/
त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ ही मालिका सुरू केली. तिच्यासाठी कार्यक्रम घडवणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठातील केंद्रही होते. म्हणजे बालवर्गापासून पदवीपर्यंतच्या दृक्‌श्राव्य पाठांचे एक निर्मितिस्थान पुणे हेच होते.

१०/
तरीही एक अडचण राहिलीच. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. तिच्याशी शाळेचे वेळापत्रक जुळेलच असे नाही. वीज गेली की पाठ गेला. आणि सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे पडद्यावरील शिक्षकाला थांबवता येत नसे. मागच्या बाकावरच्या मुलाला एखादी आकृती कळली नाही, तरी ती पुढे सरकून जाई. चित्र आकाशातून येत होते, पण वर्गातून उलट दिशेने काहीच जात नव्हते.

११/
ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयत्न म्हणजे एज्युसॅट. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हा केवळ शिक्षणाला वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या जाळ्यातील काही केंद्रांतून विद्यार्थ्यांना दूरच्या शिक्षकाला प्रश्न विचारता येत असे. पण त्यासाठी अँटेना, खास यंत्रणा आणि ठरलेली वेळ या तिन्हींची गरज कायम होती. २०१० मध्ये या उपग्रहाचे कार्य संपले.

१२/
दरम्यान पुण्यातच आणखी एक काम चालू होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे संगणकावर भारतीय लिप्या आणल्या. त्याची मुळे आयआयटी कानपूरमधील संशोधनात होती. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ मराठी छपाईत घरोघरी ठाऊक झाली. मात्र युनिकोड रुळेपर्यंत एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर नेला, की फाँटअभावी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. पेन ड्राइव्हवर पाठ घेऊन वर्गात गेलेल्या कित्येक शिक्षकांनी हा अनुभव घेतला आहे.

१३/
स्क्रीन मिररिंगची सामग्री याच काळात एकेक करून तयार होत होती. वाय-फायचे पहिले मानक १९९७ चे. चित्रफीत आक्रसून पाठवण्याचे एच.२६४ हे मानक २००३ चे. अॅपलने २०१० मध्ये एअरप्ले आणले आणि २०११ मध्ये त्यात पूर्ण पडद्याचे मिररिंग आले. २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्सने ‘मिराकास्ट’ला प्रमाणित केले. २०१३ मध्ये गुगलचे क्रोमकास्ट अमेरिकेत ३५ डॉलरला विक्रीस आले.

१४/
याचे कार्य कसे चालते? फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून अधिक बिंदू असतात. सेकंदाला ३० चित्रे जशीच्या तशी पाठवायची तर सुमारे १४९ कोटी बिट लागतात. साध्या वाय-फायला तो भार पेलत नाही. म्हणून मोबाइल आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच मुख्यतः टिपतो, ते आक्रसतो आणि पाठवतो. पडद्याकडील यंत्र ते पुन्हा उलगडते. या साऱ्याला सेकंदाचा काही अंश लागतो. हातातील आणि भिंतीवरील चित्रांत किंचित अंतर जाणवते ते त्यामुळेच.

१५/
यात मराठी शिक्षकाच्या दृष्टीने एक लाभ आहे. मिररिंगमध्ये अक्षरे पाठवली जात नाहीत, अक्षरांचे चित्र पाठवले जाते. त्यामुळे वर्गातील पडद्याला देवनागरी येत नसली तरी काही बिघडत नाही. मोबाइलवर ‘ज्ञ’ नीट दिसला, तर भिंतीवरही तो तसाच दिसतो. जोडाक्षरांची ती जुनी मोडतोड येथे संभवत नाही.

१६/
दुसरा लाभ इंटरनेटविषयी. मिराकास्टमध्ये दोन यंत्रे वाय-फायवरून एकमेकांशी थेट बोलतात. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. चित्रफीत आधी उतरवून घेतली असेल, तर जाळे न पोहोचणाऱ्या शाळेतही पाठ घेता येतो. ‘कास्टिंग’ मात्र बहुधा वेगळ्या रीतीने चालते : मोबाइल केवळ आज्ञा देतो आणि पडद्याकडील यंत्र चित्रफीत स्वतः इंटरनेटवरून आणते. शाळेने साधन निवडताना हा भेद ध्यानात घेणे हिताचे ठरते.

१७/
वर्गात यामुळे काय पालटते? शिक्षिका फळ्यापाशी बांधलेली राहत नाही. ती बाकांमधून फिरते, शेवटच्या रांगेत उभी राहून पुढचा पडदा चालवते. एखाद्या मुलीने भूमितीचे उदाहरण निराळ्या रीतीने सोडवले असेल, तर मोबाइलचा कॅमेरा तिच्या वहीवर धरला की ती रीत साऱ्या वर्गापुढे येते. फळ्यावर बोलावल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याची जुनी प्रथा येथे नव्या रूपाने परतली. आणि कोणी ‘थांबा’ म्हणाले, तर चित्र थांबते.

१८/
पण हातात पडदा आला म्हणजे दाखवण्यास योग्य सामग्रीही आली, असे होत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड आले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. आणि त्याच २०१७ मध्ये राज्य शासनाने बालचित्रवाणी बंद केली. प्रत्येक शिक्षकाच्या हाती प्रक्षेपक येत असतानाच मराठी मुलांसाठी कार्यक्रम घडवणारी पुण्यातील संस्था मावळली.

१९/
मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या विसंगतीची खरी किंमत कळली. असंख्य शिक्षकांना मराठी दृक्‌श्राव्य पाठ स्वतःच तयार करावे लागले. त्या काळात पडदा वाटून शिकवण्याची सवय जडली आणि शाळा उघडल्यावर ती वर्गातही आली. तिच्याबरोबर नव्या दक्षताही आल्या : खासगी संदेश पडद्यावर झळकू नयेत म्हणून सूचना बंद ठेवणे, जोडणीला पिन लावणे, आणि मुलाची चुकलेली वही त्याला विचारल्यावाचून सर्वांना न दाखवणे.

२०/
खरोलिकेचे खेळकर्ते चित्राजवळच उभे असत. दूरचित्रवाणीच्या युगात चित्र पाठवणारा मुंबईला, पुण्याच्या स्टुडिओत किंवा उपग्रहापलीकडे गेला. मिररिंगने त्याला पुन्हा वर्गात आणून उभे केले. मात्र बालचित्रवाणीत लेखक, दिग्दर्शक आणि चित्रकार मिळून जे काम करत, त्याचा भारही आता एकट्या शिक्षकावर आला आहे. पुढच्या वेळी सिंहगडावर तो मनोरा दिसेल, तेव्हा त्याच्या टोकापर्यंत चित्र पोहोचवण्यासाठी खाली किती माणसे राबत असत, याचेही स्मरण व्हावे.

(समाप्त)