दप्तरांतील दिवस आणि मनांतील दिवस

मराठ्यांच्या इतिहासाला कागदांची उणीव कधींच भासली नाहीं. पेशव्यांच्या दप्तरांत जमाखर्चाच्या, हुकमांच्या व नेमणुकांच्या नोंदी इतक्या सांठल्या आहेत कीं, गणेश चिमणाजी वाड यांनीं त्यांतून निवडलेले उतारेच अनेक खंड व्यापतात. लढाया व तह यांपलीकडचें राज्य ह्या रोजनिशांत दिसतें, हें न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं विशद केलें, आणि तें यथार्थच आहे. परंतु ज्या कारकुनानें ती नोंद केली, त्याच्या मनांत त्या दिवशीं काय होतें, हें त्या कागदांतून कळत नाहीं. रोजनिशी होती, पण ती धन्याची होती, लिहिणाराची नव्हती.

याला ठळक अपवाद नाना फडणिसांच्या आत्मवृत्ताचा. १७४२ सालीं जन्मलेल्या ह्या पुरुषानें तारुण्यांतील कामविकाराची कबुली आणि १७६१ च्या पानिपतावर आई अंतरल्याचें दुःख स्वतःच्या लेखणीनें लिहून ठेविलें आहे. तथापि तें वृत्त पानिपतानंतर लवकरच थांबतें. पुढें १८०० सालच्या मृत्यूपर्यंत राज्याचीं सूत्रें दीर्घकाळ ज्याच्या हातीं होतीं, तो स्वतःविषयीं मुका होतो.

याच्याशीं इंग्लंडांतील सॅम्युएल पीप्स ताडून पाहावा. तोहि दप्तरांतलाच मनुष्य. आरमाराच्या कचेरींतील अधिकारी. १६६० पासून १६६९ पर्यंत त्यानें लघुलिपींत रोज लिहिलें. लंडनची १६६६ ची आग, कचेरींतील हेवेदावे, पत्नीशीं झालेलें भांडण आणि रात्रींचें जेवण हीं सारीं त्यांत एकाच पंक्तीस बसलीं आहेत. दृष्टि जाईल ह्या भीतीनें त्यानें लेखणी ठेविली. नानांपाशीं कागद, मोडीचा सराव व चिकाटी यांपैकीं कशाचीच वाण नव्हती. मग भेद कशाचा? मला वाटतें, स्वतःविषयीं लिहावयाचें तें पश्चात्तापार्थ किंवा परमार्थार्थ, रोजचें काम हा कांहीं त्याचा विषय नव्हे, ही आपली समजूतच आडवी आली.

पुढें छापखाना आला. मूळचे पुण्याचे गोपाळ हरि देशमुख यांनीं १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ ह्या नांवानें शंभरांवर पत्रें लिहिलीं. त्यांत विचार निर्भीड आहेत. परंतु टोपणनांवाआड लिहिणाराचें जीवित झांकलेलेंच राहिलें. म्हणजे काम दप्तरांत, स्थित्यंतर नानांच्या कागदांत आणि विचार वर्तमानपत्रांत, अशी वांटणी झाली.

हे तीन प्रवाह एकत्र आले ते धोंडो केशव कर्वे यांच्या १९१५ च्या ‘आत्मवृत्तां’त. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचें अध्यापन, १८९३ चा विधवेशीं विवाह व त्यामुळें मुरूडकरांनीं घातलेला बहिष्कार, आणि हिंगण्याच्या आश्रमामागील विचार, हीं तेथें परस्परांवांचून समजतच नाहींत. तें रोज लिहिलेलें नव्हे, हें खरें. परंतु मनुष्याचें काम हेंच त्याचें चरित्र होऊं शकतें, हें त्यानें दाखविलें.

हा प्रश्न केवळ थोरांपुरता नाहीं. आमची बिबवेवाडी कांहीं पिढ्यांपूर्वीं पुण्याच्या दक्षिणेचें एक खेडें होती. आज ती शहरांत मिसळून गेली आहे, आणि शेजारीं मार्केट यार्डचा मोठा बाजार आहे. जमिनीचीं खरेदीखतें व सात-बाराचे उतारे कचेरींत राहतीलच. परंतु नांगर सोडून दुकान मांडणारास पहिल्या वर्षीं काय वाटलें, हमालाचा दिवस कसा सरतो, घरांतील पहिली मुलगी कॉलेजांत गेली त्या सायंकाळीं काय बोलणें झालें, हें कोणत्याच उताऱ्यावर उतरत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच लिहिलें पाहिजे. त्यास रोजच्या चार ओळी पुरतात. विद्वत्ता लागत नाहीं. एवढेंहि न केलें, तर उद्यांच्या इतिहासकाराच्या हातीं आपण पुन्हां धन्याचीच रोजनिशी ठेवूं.