कासवाची पाठ आणि कोवळं ऊन

आज आपण कासवाबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात कासव कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण गटांच्या बैठकींत हा विषय आमच्यापुढे आला. एकीने विचारलं, "घरात कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते म्हणतात, खरं का?" दुसरी म्हणाली, "शहरातल्या नणंदेकडे काचेच्या पेटीत कासव आहे. त्याच्या पाठीवर टेकाडं आलीत. ती म्हणते, वय वाढलं की येतातच. तसं असतं का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्हाला एक मोठा इतिहास सापडला. तो कासवांचा आहे, आणि लहान मुलांचा नि बायकांचाही आहे.

आधी कासवाची पाठ म्हणजे काय ते समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं, गोगलगायीच्या शंखासारखं कासवाचं कवच हे त्याचं घर आहे. तसं नाही. कवच म्हणजे कासवाची हाडंच. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकींना जुळून ही ढाल बनलेली असते. त्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. कवचाला रक्त लागतं, स्पर्शही कळतं. म्हणून कासव "कवचातून बाहेर" येऊ शकत नाही. लहान कासव वाढतं तेव्हा हाड वाढतं आणि प्रत्येक चकतीच्या कडेला नवं वळं येतं. ही वाढ नीट झाली तर पाठ गुळगुळीत, घुमटासारखी होते. नीट झाली नाही तर एकेक चकती उंचावते आणि पाठीवर टेकड्यांची रांग उभी राहते, किंवा कवच मऊ पडतं, चपटं होतं, वाकडं होतं. म्हणजे कासवाचं बालपण कसं गेलं, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं.

आता इतिहासाकडे येऊ. पाळलेल्या कासवाची एक जुनी, बारकाईने ठेवलेली नोंद इंग्लंडमधली आहे. तिथे रिंगमर नावाच्या गावात रिबेका स्नूक नावाच्या बाई राहत. त्यांनी आपल्या बागेत जवळजवळ चाळीस वर्षं एक कासव सांभाळलं. १७८० साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचे भाचे गिल्बर्ट व्हाइट यांनी ते कासव आपल्या सेलबोर्न गावी नेलं. व्हाइट हे पाद्री होते आणि निसर्गाचे मोठे अभ्यासक होते. कासवाचं नाव टिमथी. नाव पुरुषाचं, पण ती मादी होती, हे तिच्या मरणानंतर कळलं. १७९४ साली ती मेली. तिचं कवच आजही लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जपलेलं आहे.

व्हाइट तिचं वजन करून ठेवत. त्यांनी एक गोष्ट फार छान टिपली आहे. थंडी जवळ आली, ऊन तिरपं आणि कमजोर झालं, की ही कासवीण बागेच्या भिंतीला टेकून आपली पाठ कलती करायची, म्हणजे उन्हाचा प्रत्येक किरण अंगावर पडेल. तिला ऊन का हवं होतं, याचं पूर्ण उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. ते मिळायला आणखी सव्वाशे वर्षं लागली. आणि ते कासवांच्या अभ्यासातून मिळालं नाही, आजारी बाळांच्या अभ्यासातून मिळालं.

मैत्रिणींनो, मुडदूस हा आजार आपल्या आज्यांना माहीत होता. बाळाची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, दात उशिरा येतात. कारखान्यांच्या धुरात बुडालेल्या इंग्लंडमधल्या शहरांत हा आजार इतका होता, की युरोपातले लोक त्याला "इंग्लिश आजार"च म्हणत. कोणी म्हणे दोष खाण्यात आहे, कोणी म्हणे अंधाऱ्या, कोंदट घरांत आहे.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना शहर उपासमारीत होतं. बाळांना दूध मिळत नव्हतं. १९१९ मध्ये हॅरिएट चिक या इंग्रज शास्त्रज्ञ बाई आपल्या सहकाऱ्यांना घेऊन तिथल्या बालरुग्णालयात गेल्या. १९२२ पर्यंत त्यांनी काम केलं. काही बाळांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, काहींना उन्हात ठेवलं, काहींना खास दिव्याचा प्रकाश दिला, आणि हाडांचे एक्स-रे काढून फरक पाहिला. तेल असो वा ऊन, दोन्हींनी मुडदूस टळत होता आणि बराही होत होता. खाण्याचा पक्ष आणि उन्हाचा पक्ष, दोन्ही खरे ठरले. त्यामागचं द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला ड जीवनसत्त्व म्हणतो ते. ऊन त्वचेवर पडलं की शरीर ते स्वतः तयार करतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागून हाडांपर्यंत पोचतं. चिकबाई पुढे १०२ वर्षं जगल्या.

त्याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यातही हचिसन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मुडदुसाचा अभ्यास केला. इथे तर ऊन भरपूर. मग आजार कुठे दिसला? पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत. तिथे खायला कमी नव्हतं, पण आई आणि तान्हं बाळ अंधाऱ्या खोलीत असायचे. ज्यांच्या आया शेतावर, रस्त्यावर राबत होत्या, त्या गरिबांच्या मुलांचं ताट हलकं असूनही ती उन्हात वाढत होती आणि त्यांना हा आजार कमी होता. माया असून, पैसा असून, चार भिंतींच्या आत हाड वाकत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कासवाचं नेमकं हेच झालं.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी कासवं आली. मोरोक्को आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या देशांतून लाखो कासवं टोपल्यांत, खोक्यांत भरून जहाजांनी नेली गेली. बहुतेक कासवांना तिथला पहिला हिवाळाही सोसला नाही. ही कासवं रानात वाढून आलेली, त्यामुळे त्यांच्या पाठी गुळगुळीत असत. १९८० मध्ये जॅक्सन नावाच्या इंग्रज पशुवैद्यांनी या कासवांची लांबी आणि वजन मोजून एक तक्ता प्रसिद्ध केला. इतक्या लांबीच्या कासवाचं वजन इतकं असायला हवं, कमी असेल तर ते आजारी समजावं. आपल्या अंगणवाडीताई बाळाचं वजन करून तक्त्यावर टिंब मारतात, तसंच हे.

१९८४ मध्ये ही आयात कायद्याने थांबली. मग कासवांची पिल्लं माणसांच्या घरातच जन्मू लागली, दिव्याखाली, पेटीत वाढू लागली. आणि पाठीवरच्या टेकड्या घरोघर दिसू लागल्या. पाळणाऱ्यांची समजूत अशी, की कासव हा कोरड्या मुलखातला प्राणी, त्याला ओल चालत नाही. टेकड्या येतात त्या जास्त प्रथिनं खाल्ल्यामुळे. म्हणून लोक खाणं कमी करत आणि पेटी खडखडीत कोरडी ठेवत. तरीही टेकड्या येतच राहिल्या.

याचं उत्तर पुन्हा व्हिएन्नातच मिळालं. २००३ मध्ये तिथल्या वीस्नर आणि क्रिस्टीन ईबेन या संशोधकांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. आफ्रिकेतल्या एका मोठ्या जमिनीवरच्या कासवाची नुकतीच अंड्यातून निघालेली ५० पिल्लं घेतली, त्यांचे ५ गट केले आणि ५ महिने वाढवली. काहींना हवा कोरडी, काहींना दमट. काहींना प्रथिनं कमी, काहींना जास्त. ज्यांची हवा कोरडी होती त्यांच्या पाठीवर उंच टेकड्या आल्या. दमट हवेतल्या पिल्लांची पाठ बरीच सपाट राहिली. प्रथिनांचा परिणाम थोडासाच दिसला. म्हणजे ज्या कोरडेपणाला लोक काळजी समजत होते, त्यातच दोष होता. रानात लहान पिल्लू उघड्यावर तापत बसत नाही. ते बिळात, गवताच्या बुडाशी, ओलसर जागी दडून राहतं.

म्हणून नणंदबाईंच्या समजुतीला आमचं उत्तर असं: वय वाढलं म्हणून टेकड्या येत नाहीत. आपल्याकडच्या तारांकित कासवाच्या पाठीला थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, पण उंच, टोकदार टेकड्या किंवा बोटाने दबणारं कवच हे सांभाळण्यातल्या उणिवेचं लक्षण आहे. उंचावलेली चकती पुन्हा सपाट होत नाही. मात्र सांभाळ सुधारला तर पुढची वाढ नीट होऊ शकते.

जिथे जमिनीवरचं कासव कायदेशीरपणे पाळलं जातं किंवा बचाव केंद्रात सांभाळलं जातं, तिथे जाणकार काय करतात, ते थोडक्यात सांगतो. पहिलं ऊन. रोज सकाळचं थेट ऊन, आणि शेजारी सावली, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. आणि काचेची पेटी उन्हात ठेवली तर आतलं कासव भाजून मरतं. दुसरं ओल. पिल्लाला उथळ, कोमट पाण्यात थोडा वेळ बसवतात. पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली राहिलं पाहिजे. दडायला ओलसर माती-पाल्याचा कोपरा देतात. पण ओल म्हणजे थंड चिखल नव्हे. घाणीत बसलं तर कवच कुजतं. तिसरं खाणं. गवत, रानातला पाला, जास्वंदीची पानंफुलं. पोळी, भात, पाव, दूध, कुत्र्याचं खाणं मुळीच नाही. नुसती काकडी आणि टोमॅटोही नाही, त्यात कॅल्शियम फार थोडं असतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस चघळायला ठेवला की कॅल्शियम मिळतं. चौथं, भराभर वाढवण्याची घाई नाही. महिन्याला वजन आणि लांबी वहीत लिहितात. आणि कवचाला तेल चोपडत नाहीत, नखरंग तर मुळीच लावत नाहीत.

पण मैत्रिणींनो, आपल्या देशात या काळजीच्याही आधीची एक पायरी आहे. ती म्हणजे कासव विकत न घेणं. तारांकित कासव किंवा आपल्या विहिरी-तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तारांकित कासव रानातून किती उचललं जातं ते ऐका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापारकेंद्राभोवती वर्षाला किमान ५५,००० कासवं पकडली जात असल्याचं दिसलं. २०१९ मध्ये जिनिव्हाला जगातले देश जमले, तेव्हा भारत आणि श्रीलंका यांनी पुढाकार घेऊन या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करून घेतला. बाजारात खुलेपणाने मिळतं ते बहुधा गालावर लाल पट्टा असलेलं अमेरिकी पाणकासव. त्यालाही ऊन आणि कॅल्शियम लागतंच, आणि त्याच्यामुळे लहान मुलांना जुलाबाचा जंतू लागू शकतो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तेव्हा हात लावला तर साबणाने हात धुवा. आणि कंटाळा आला म्हणून ते तळ्यात किंवा विहिरीत सोडू नका, तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

कोणाच्या घरी देशी कासव असेल तर ते गुपचूप शेतात सोडू नका. ते मूळचं त्या भागातलं नसतं, आणि वाकड्या हाडांचं कासव रानात टिकत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, ते त्याला घेऊन जातील आणि उपचार करतील.

राहिला लक्ष्मीचा प्रश्न. आपल्या देवळांत नंदीच्या पुढे दगडी कासव असतं. आत जाताना आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्याला घरी नेऊन पेटीत ठेवावं, असं कुठल्या शास्त्राने सांगितलेलं आम्हाला माहीत नाही. ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथे मात्र एक काम आजच करता येईल. उद्या सकाळी त्याला कोवळ्या उन्हात घेऊन बसा, आणि स्वतःही बसा. कामाच्या रगाड्यात आपल्या हाडांनाही ऊन लागतं, हे आपणच विसरतो.