आक्षेपकाची साक्ष

शीळ घालीत येणाऱ्या आगगाडीचा स्वर चढा व दूर जातांना उतरलेला कां वाटतो? जवळ येणाऱ्या ध्वनीच्या लहरी दाटीनें कानीं येतात, जाणाऱ्याच्या विरळ. हें तत्त्व डॉप्लर यांनीं १८४२ सालीं प्राग येथें, ताऱ्यांच्या रंगांची मीमांसा करितांना, मांडिलें. उत्रेख्तच्या बाइज बॅलट यांस तें पटेना. जून १८४५ मध्यें त्यांनीं आगगाडीवर तुतारीवाले बसविले व रुळांकडेला स्वरज्ञ वादक उभे केले. एकच स्वर गाडी येतांना चढा, जातांना उतरलेला ऐकूं आला! ध्वनीपुरतें तत्त्व खरें, अशी ग्वाही त्यांनीं दिली. रंगांविषयींचा आक्षेप मात्र सोडिला नाहीं, व तोहि पुढें रास्त ठरला. शास्त्राची वाढ अशा प्रामाणिक आक्षेपकांवरहि अवलंबून असते, असें आम्हांस वाटतें.