मेंदूतील ॲसिटिलकोलिनाची एंझाइमे
ॲसिटिलकोलीन हे तंत्रिका कोशिकांमधील संदेशवाहक द्रव्य कोलीन ॲसिटिलट्रान्स्फरेज या एंझाइमाच्या साहाय्याने तयार होते व ॲसिटिलकोलीनएस्टरेज या एंझाइमामुळे त्याचे विघटन होते. या दोन्ही एंझाइमांची क्रियाशीलता मेंदूच्या निरनिराळ्या भागांत व निरनिराळ्या वयांत भिन्न असते.

विघटन करणारे एंझाइम रक्तात असावे, असा तर्क हेन्‍री डेल यांनी १९१४ मध्ये मांडला. ओटो लव्ही व ई. नाव्राटिल यांनी १९२६ मध्ये एसेरीन या अल्कलॉइडाने या एंझाइमाची क्रिया रोखली जाते, असे दाखविले. पुढे डेव्हिड नाखमानझोन यांनी मेंढीच्या गर्भांचा अभ्यास केला (१९४०). एस्टरेजाची क्रियाशीलता मेरुरज्जूत लवकर, तर प्रमस्तिष्काच्या बाह्यकात बरीच उशिरा वाढते, असे त्यांना आढळले. कोकरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते, हे ध्यानात घेता हा क्रम सयुक्तिक ठरतो. डोळे मिटलेल्या स्थितीत जन्मणाऱ्या उंदराच्या पिलांत ही वाढ मुख्यत्वे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होते. गिनीपिगात ती पुष्कळशी गर्भावस्थेतच होते.

प्रादेशिक वाटणीचा पाया व्हिल्हेल्म फेल्डबर्ग व मार्था फोक्ट यांनी १९४८ मध्ये घातला. (नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्यांपैकीच हे दोघे व नाखमानझोन होत.) कुत्र्याच्या मेंदूचे भाग वेगळे करून त्यांनी ॲसिटिलकोलिनाच्या निर्मितीचा वेग मोजला. पुच्छाकार केंद्रक व मेरुरज्जूची प्रेरक अग्रमूले यांत तो जास्त, तर संवेदी पश्चमूले, दृक् तंत्रिका व अनुमस्तिष्क यांत अत्यल्प भरला.

जी. बी. केले व जे. एस. फ्रीडनवाल्ड यांच्या रंजनपद्धतीमुळे (१९४९) एस्टरेज सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. या सोयीमुळे काहीसा गोंधळही झाला. कारण ॲसिटिलकोलीन निर्माण न करणाऱ्या कोशिकांतही एस्टरेज असते. अनुमस्तिष्क हे याचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे ॲसिटिलकोलीन वापरणाऱ्या कोशिका ओळखण्यासाठी निर्मितीचे एंझाइम हीच अधिक विश्वसनीय खूण मानावी लागते.

या भेदाचे वैद्यकीय महत्त्व १९७६ मध्ये स्पष्ट झाले. आल्त्सहायमर रोगाने मरण पावलेल्यांच्या बाह्यकात व स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकँपसात कोलीन ॲसिटिलट्रान्स्फरेज फारच घटलेले पी. डेव्हिस व ए. जे. एफ. मॅलोनी यांना दिसले. ज्या कोशिकांचे तंतू बाह्यकात पोहोचतात, त्या अग्रमस्तिष्काच्या तळाशी असतात व या रोगात त्या मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, हे १९८० नंतरच्या संशोधनात आढळले. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेले डोनेपेझिल हे औषध एस्टरेजाला रोखून उरलेले ॲसिटिलकोलीन टिकविते. त्यामुळे लक्षणे काही काळ सौम्य होतात, कोशिकांचा नाश मात्र थांबत नाही.