आयोडीन अनुमापन : गंधकयुक्त ऋणायनांचे

द्रावणातील सल्फाइड, सल्फाइट व थायोसल्फेट यांचे प्रमाण ठरवण्याची ऑक्सिडीकरण-क्षपणावर आधारलेली पद्धत. आयोडीनमुळे सल्फाइडचे गंधकात, सल्फाइटचे सल्फेटात व थायोसल्फेटचे टेट्राथायोनेटात रूपांतर होते. पहिल्या दोहोंच्या प्रत्येक ऋणायनाला आयोडीनचा एक रेणू लागतो, थायोसल्फेटच्या मात्र दोघांत मिळून एक. सल्फेट आयोडीनला दाद देत नाही. ते बेरियम क्लोराइडने साक्याच्या रूपात खाली बसवून मोजतात.

ब्युरेटवरचा आकडा किती आयोडीन खर्च झाले एवढेच सांगतो, ते कोणी खाल्ले हे नाही. म्हणून मिश्रणातून जस्त कार्बोनेटाने सल्फाइड काढून टाकतात, फॉर्मॅल्डिहाइडने सल्फाइट बांधून ठेवतात आणि उरलेल्या आकड्यांच्या वजाबाकीतून हिशेब लावतात. खरे कौशल्य या पूर्वतयारीत आहे.

पुणे परिसरात ही पद्धत प्रामुख्याने साखरेशी जोडलेली आहे. मांजरी येथे 1975 साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था याच उद्योगासाठी काम करते. महाराष्ट्रातील बहुतेक कारखान्यांत पांढरी साखर सल्फिटेशनने होते : भट्टीत गंधक जाळून मिळालेला सल्फर डाय-ऑक्साइड चुना घातलेल्या रसातून आणि पुढे पाकातून सोडतात. रंग उतरतो, पण थोडे सल्फाइट साखरेत राहते. अशा साखरेसाठी मर्यादा दर किलोला 70 मिग्रॅ. आहे.

हे प्रमाण फार थोडे. मर्यादेवरच्या 50 ग्रॅ. साखरेत सल्फर डाय-ऑक्साइड 3.5 मिग्रॅ. असतो. 0.1 नॉर्मल आयोडीनचा 1 मिलि. भाग 3.2 मिग्रॅ. वायूशी जुळतो, तेव्हा त्या द्रावणाने वाचन जेमतेम 1.1 मिलि. येईल आणि एका थेंबाची चूकही भोवेल. दहापट विरल आयोडीन घेतल्यास वाचन 11 मिलि.च्या आसपास जाते. शिवाय ग्लुकोजसारख्या शर्करा सल्फाइटला धरून ठेवतात. ते सुटे करण्यासाठी आधी अल्क घालतात, मग आम्ल व स्टार्च, आणि लगेच अनुमापन; रेंगाळल्यास हवेतील ऑक्सिजन सल्फाइट खातो. निळा रंग टिकला की थांबायचे. मळी काळपट असल्याने तिच्यात तो दिसतच नाही. तेथे वायू ऊर्ध्वपातनाने वेगळा करून मोजतात.

थायोसल्फेट म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’. 1933 साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या काळापासून कृष्णधवल फिल्म त्यातच स्थिर होत असे. हायपोच्या टाकीतील द्रावण आयोडीनने मोजता येते. धुतलेल्या फिल्मवर उरलेला अंश मात्र इतका सूक्ष्म असतो की त्यासाठी मेथिलीन ब्लू ही रंगमापन पद्धत लागते. तो अंश राहिला तर चांदीचे सल्फाइड बनून चित्र पिवळट पडते.